नवरा बोटीवर, पिवळी मस्टँग दारात

पत्र थोडक्यात असं आहे. गुहागरच्या बाजूची एक मैत्रीण, वय 34, हायस्कूलला विज्ञान शिकवते. माहेर कराडचं. नवरा मर्चंट नेव्हीत इंजिनियर, वर्षातले सात-आठ महिने बोटीवर. मागच्या सुट्टीत त्यानं पुण्याहून सेकंडहँड फोर्ड मस्टँग आणली, भडक पिवळी, थोडे दिवस हौसेनं फिरवली आणि जॉइन झाला. आता दारात गाडी आणि घरात ही, सहा वर्षांची लेक आणि सासूबाई. नवऱ्याचा फोन आला की पहिला प्रश्न, गाडी स्टार्ट केलीस का? म्हणून ही दर रविवारी पहाटे सहाला, रस्ता मोकळा असतो तेव्हा, "बॅटरीसाठी" गाडी काढते आणि वेळणेश्वरपर्यंत जाऊन दीड तासानं परत येते. शाळेत एकदाच नेली तर स्टाफरूममध्ये "लॉटरी लागली काय मॅडम" आणि मुलांनी नाव पाडलं, बाईंची स्कूलबस. कुठं गेली, किती वाजता आली, सगळ्या वाडीला पाठ. एकदा संध्याकाळी शृंगारतळीहून येताना बाइकवरची दोन पोरं बराच वेळ मागे लागली होती, ते नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. तो गणपतीला येणार आहे. त्याच्या आत गाडीला राखाडी फिल्मचा रॅप करून टाकावं असं हिच्या मनात आहे, नाहीतर मग सरळ विकायलाच लावावी. शेवटचं वाक्य, "मला फक्त कुणाच्या नजरेत न येता जगायचंय."

तू मला ताई लिहिलंयस म्हणून मीही अगं-तुगं करते. आधी रॅपचं घेऊ, कारण ते तू मनात जवळजवळ ठरवूनच टाकलंयस आणि माझ्याकडून फक्त हो ऐकायचंय असं पत्र वाचताना वाटलं मला. तर माझं उत्तर नाही असं आहे, आणि का ते सांगते.

तुमच्या वाडीत गाड्या रंगावरून ओळखतात असं तुला खरंच वाटतं? अगं आपल्याकडे कुणाची बोलेरो आली ते हॉर्नवरून कळतं, कुणाची स्कूटी ते सायलेन्सरवरून, आणि कोण किती वाजता आलं ते कुत्री कुणावर भुंकली नाहीत त्यावरून. तुझ्या गाडीत पाच लिटरचं व्ही-एट इंजिन आहे, चारशेच्या आसपास हॉर्सपॉवर, ते राखाडी केलं तरी तसंच गुरगुरणार ना. पावणेपाच मीटर लांब आणि एकोणीसशे मिलिमीटरच्या वर रुंद गाडी दोन गडग्यांच्या मधून जाताना राखाडी आहे म्हणून कुणाला दिसायची राहील का? उलट आत्ता चर्चा एकच आहे, की एवढी महाग गाडी घेतली. रॅप केल्यावर चार होतील, पिवळी विकली काय, दुसरी आणली काय, कर्ज झालं काय, आणि हिनं नवऱ्याला न विचारता केलं काय. ही शेवटची खरी असेल, तेच वाईट.

बरं रॅप म्हणजे बाहेरून चिकटवलेली फिल्म. दाराच्या आतली कड, बॉनेटखालचा भाग, डिकीची चौकट पिवळीच राहते. म्हणजे दार उघडलं की सगळं उघड. चांगल्या फिल्मचा खर्च लाखाच्या घरात जातो, आणि स्वस्तातली लावलीस तर आपल्या उन्हात छत आणि बॉनेटवर लवकर कडक होते, मग काढताना खालचा कोट सोलून निघायची भीती. शिवाय पूर्ण गाडीचा रंग बदलला की आरसी बुकावर नोंद करून घ्यावी लागते, आरटीओत अर्ज आला, इन्शुरन्सवाल्यांना कळवणं आलं, नाहीतर क्लेमच्या वेळी आरसीवर पिवळी आणि समोर राखाडी अशी पंचाईत होते. गाडी नवऱ्याच्या नावावर आहे म्हणजे अर्जावर सही त्याची लागणार, तेव्हा गुपचूप होणारं हे काम नाहीच. (राखाडीच म्हणालीस ते एक बरं, ऑलिव्ह ग्रीन म्हणाली असतीस तर तो रंग नियमानं फक्त सैन्याच्याच गाड्यांना चालतो.)

आणि एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नसावी. जुलैमध्ये आपल्याकडे रस्ता राखाडी, आभाळ राखाडी, पाऊसही राखाडीच. त्यात कमी उंचीची राखाडी गाडी म्हणजे समोरून येणाऱ्या डंपरवाल्याला दिसायलाच नको. सिंगापूरमध्ये एका टॅक्सी कंपनीकडे पिवळ्या आणि निळ्या अशा दोन्ही रंगांच्या टॅक्सी होत्या, तेच मॉडेल, तसेच ड्रायव्हर, त्यांचा अभ्यास 2017 मध्ये छापून आला आणि पिवळ्या टॅक्सींचे अपघात निळ्यांपेक्षा साधारण 9 टक्क्यांनी कमी निघाले. पिवळं डोळ्यात भरतं एवढंच कारण. स्कूलबस पिवळी असते तीही म्हणूनच, तेव्हा तुझ्या पोरांनी नाव अगदी बरोबर पाडलंय. ज्या रंगाचा तुला त्रास होतोय तोच रंग तुला नि तुझ्या लेकीला त्या रस्त्यावर सांभाळतोय. मी तरी तो झाकणार नाही.

आता लोकांचं. पत्रात तू नऊ-दहा वेळा तरी "लोक" लिहिलंयस पण नावानं एकच माणूस येतो, तो स्टाफरूममधला लॉटरीवाला. हे लोक म्हणजे नक्की कोण ते एकदा कागदावर लिहून काढ. माझा अंदाज असा की त्यात तीन वेगवेगळ्या तऱ्हेची माणसं निघतील आणि तिघांनाही एकच उत्तर चालणार नाही.

पहिली ती, ज्यांना नुसती मजा वाटते. पोरं, वाडीतले तरणे, एसटीचे ड्रायव्हर, फोटो काढणारे पर्यटक. यांचा राग येण्यासारखं काही नाही. शाळेतली पोरं तर तुझी हक्काची आहेत, एका शनिवारी शाळा सुटल्यावर मैदानात लाव गाडी, बॉनेट उघड, दाखव काय ते. एकदा पोटभर बघून झालं की निम्मं कुतूहल तिथंच संपतं. हात लावू दे, फक्त धुळीवर बोटानं नावं लिहू देऊ नकोस, आपली चिऱ्याची धूळ खरखरीत असते, त्या नावांचे ओरखडे कायमचे राहतात.

दुसरी माणसं लॉटरीवाली. यांना विषय लागतो. गाडी नसती तर बदलीवर बोलले असते, तुझ्या साडीवर बोलले असते. यांना तू आत्ता काय उत्तर देतेस ते लिहिलंयस, "माझी नाही हो, ह्यांची आहे, मी नुसती सांभाळते." हे उत्तर मला आवडलं नाही. त्यातून तू खुलासा देतेयस असं दिसतं, आणि खुलासा दिला की पुढचा प्रश्न येतोच. "सेकंडहँड घेतली, चालवायला भारी आहे, या एकदा बसायला" एवढं म्हण आणि वह्या तपासायला घे. समोरच्याला पुढं बोलायला काही उरत नाही.

तिसरी माणसं मात्र वेगळी आहेत आणि त्यांना मी मत्सरी वगैरे म्हणणार नाही. वाडीत कुणाचा हापूस यंदा मोहोरालाच गळाला असेल, कुणाची होडी बंदरात उभी असेल, कुणाच्या घरात दवाखाना चालू असेल. त्यांच्या दारावरून रोज ती गाडी गेली तर टोचणारच, आणि ते टोचणं साहजिक आहे. तुझ्या नवऱ्यानं इंजिनरूमच्या उकाड्यात घाम गाळून पैसे मिळवलेत हे खरं आणि त्यांना टोचतं हेही खरं. यांच्यासाठी उत्तर तोंडानं द्यायचं नसतं, ते गाडी चालवण्यात असतं. वाडीतून जाताना उगाच रेज करायची नाही, देवळापाशी, शाळेपाशी बैलगाडीच्या वेगानं जायचं, समोरून एसटी आली की आपण थांबून मागे घ्यायची, डबक्यातलं पाणी कुणाच्या अंगावर उडवायचं नाही. महाग गाडीवाला मागे घेतो हे आपल्याकडे लोक बघतात आणि लक्षात ठेवतात, रंगापेक्षा जास्त.

आणि खरं तर हे काही नवीन नाही गं. आपल्या भागातून पुरुष माणसं आधी मुंबईला गिरणीत गेली, मग आखातात, बोटींवर तर पूर्वापार आहेतच. प्रत्येक पिढीत कुणीतरी काहीतरी झगझगीत घेऊन आलंय. ट्रान्झिस्टर आला, आखातातून मोठे टू-इन-वन आले, नायलॉनच्या साड्या आल्या, मग कौलं काढून स्लॅब पडला. प्रत्येक वेळी आणणारा सुट्टी संपली की निघून गेला आणि वस्तूबद्दल गावाला उत्तरं देत बसली ती घरातली बाई. तुझ्या सासूबाईंना विचार एकदा, त्यांच्या वेळी घरात काय आलं होतं आणि विहिरीवर बायका काय बोलायच्या. मला वाटतं त्यांच्याकडे तुला सांगण्यासारखं बरंच असेल, आणि त्या गाडीला लिंबू-मिरची बांधतात म्हणून तू वैतागलीयस ते जरा कमी होईल. त्यांच्या परीनं त्याही गाडी सांभाळतायत.

मला यात जे खटकतं ते हे. हौस त्यानं केली आणि निस्तरणं तुझ्याकडे आलं. गाडी घेताना तुला विचारलं होतं का, हे पत्रात कुठंच नाही. घेतल्यावर पावसाळ्यात तिचं कोण काय करणार हे बोलणं झालं होतं का, तेही नाही. म्हणजे भांडण रंगाशी नाहीच आहे, ते नवऱ्याशी आहे, आणि नवरा समुद्रात असल्यामुळे तू ते रंगावर काढतेयस. रॅप करून हे मिटणार नाही, पांढरी अल्टो दारात असती तरी पहिला प्रश्न तोच आला असता, स्टार्ट केलीस का.

त्याला फोनवर हे बोल. पण व्हिडिओ कॉलवर लेक नि सासूबाई शेजारी असताना नको, आणि त्याची वॉच, म्हणजे बोटीवरची पाळी, संपून तो अर्धमेला असेल तेव्हाही नको. बोटीवरच्या माणसाला घरून आलेली वाईट बातमी आठ दिवस पुरते, तिथून तो काही करू शकत नाही. म्हणून तक्रार म्हणून सांगू नकोस, कामाची वाटणी म्हणून सांग. गाडी सांभाळायची तर तिचे निर्णय अर्धे माझे. शेड कुठं बांधायची, पावसाळ्यात कुठं ठेवायची, शाळेत न्यायची की नाही, कुणाला चालवायला द्यायची (त्याचा मित्र मागून गेलाय म्हणालीस, स्पष्ट नाही म्हण, इन्शुरन्सचं कारण सांग), आणि महिन्याला तिच्यावर किती खर्च. हे त्याला मान्य नसेल तर गाडी त्याच्या सुट्टीपुरतीच दारात, बाकी वेळ दुसरीकडे. आणि फोनवर पहिला प्रश्न गाडीचा नको, हेही सांग. हे तू लिहिलं नाहीयेस पण मला पत्रात तेच सगळ्यात आधी दिसलं.

आता बाइकवाल्या पोरांचं. पत्रात ते तू मध्येच एका ओळीत उरकलंयस. मी उरकणार नाही. एक म्हणजे नवऱ्याला सांग, आजच सांग. नंतर गावातल्या कुणाकडून तिखटमीठ लावून त्याच्या कानावर गेलं तर गाडी राहील बाजूला आणि तुझ्या बाहेर जाण्यावरच बोलणं सुरू होईल. दुसरं, पुढं आणि मागं असा दोन्हीकडचा डॅशकॅम बसवून घे, नंबरप्लेट दिसेल असा. तिसरं, पुन्हा कुणी मागे लागलं तर वेग वाढवायचा नाही. तुझ्या गाडीत ताकद आहे म्हणून तो मोह होईल, पण त्या पोरांना शर्यतच हवी असते, आणि आपल्या वळणांवर बाइक पडली की पुढचं सगळं तुझ्यावर येतं. शांतपणे पेट्रोल पंप, हॉटेल, पोलीस चौकी, जिथं माणसं असतील तिथं वळव, काचा वर, दारं लॉक, आणि 112 लाव. घराच्या अरुंद रस्त्याला एकटीनं वळायचं नाही. चौथं, गावच्या पोलीस पाटलांच्या कानावर घाल. बहुतेक वेळा अशी पोरं दोन गावं पलीकडचीच असतात आणि पोलीस पाटलांना घर नेमकं माहीत असतं. एवढं केलंस की ज्या ओळखीला तू कंटाळलीयस तीच उपयोगी पडते, सगळ्या तालुक्यात एकच अशी गाडी असल्यावर तिच्या मागे कोण लागलं होतं हेही कुणीतरी बघितलेलं असतं.

विकण्याबद्दल थोडक्यात. विकण्यात वाईट काहीच नाही. पण अशा गाडीचं गिऱ्हाईक चिपळुणात मिळत नाही, पुणे-मुंबईला मिळतं, वेळ लागतो, आणि घाई दिसली की भाव पडतो. शिवाय फोर्डनं 2021 मध्ये भारतात गाड्या बनवणं थांबवायचं जाहीर केलं, सर्व्हिस चालू असली तरी घेणारा त्यावरून घासाघीस करणार. आणि तो जहाजावर असताना ट्रान्सफरच्या सह्यांचा घोळ वेगळाच. म्हणून विक्रीचा निर्णय तो आल्यावर दोघांनी समोरासमोर बसून घ्या.

पण त्या आधी मला तुझ्या रविवारांबद्दल विचारायचंय. बॅटरीसाठी अर्धा तास पुरतो. तोही लागत नाही, ट्रिकल चार्जर म्हणून काही हजारांत एक डबी मिळते, ती भिंतीच्या प्लगला लावून ठेवली की गाडी हलवायचीसुद्धा गरज नाही बॅटरीसाठी. तू इंजिनियरची बायको आहेस, स्वतः विज्ञान शिकवतेस, हे तुला माहीत नाही असं मी मानत नाही. मग वेळणेश्वरपर्यंतचा दीड तास कुणासाठी? मला वाटतं तुला ती गाडी चालवायला आवडते, आणि हे कुणाला कळू नये असंही वाटतं. नवऱ्याची हौस म्हणून सांगितली की चालतं, सासूबाईंना चालतं, स्टाफरूमला चालतं. बाईमाणसाची हौस, तीही पिवळ्या रंगाची, म्हटलं की तुलाच चोरटं वाटायला लागतं. माझा अंदाज चुकला असेल तर सोडून दे. पण बरोबर असेल तर विकायच्या आधी आणि झाकायच्या आधी ही गाडी थोडीशी तुझीपण आहे असं धरून एक महिना चालवून बघ. पहाटे सहाला नाही, दुपारी चारला. लेकीला मागच्या सीटवर तिच्या चाइल्ड सीटमध्ये बसवून.

पावसाळा मात्र पूर्ण तुझ्या गळ्यात आहे, तेव्हा आता कामाचं बोलू. ज्यांच्या दारात थार असो नाहीतर लाल स्विफ्ट, किनाऱ्याला राहणाऱ्या सगळ्यांनाच यातलं बरंचसं लागू आहे.

मीठ हा पहिला शत्रू. समुद्रापासून गाडी लांब असली तरी खारी हवा पोचतेच, आणि ती बॉनेटवर दिसत नाही, खाली बसते. नटबोल्ट, ब्रेकच्या लाइनी, सायलेन्सरच्या पट्ट्या. म्हणून धुताना वरून चकचकीत करण्यापेक्षा खालून पाणी मारायचं, भरपूर, आणि गोडं पाणी. तुमच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर त्यानं धुणं म्हणजे मीठ चोळणंच झालं, त्यापेक्षा नळाच्या पाण्यानं कमी वेळा धू. पुळणीवर गाडी न्यायची नाही हे वेगळं सांगायला नको, दर सुट्टीत कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर एखाद्या हौशीची गाडी भरतीत रुततेच.

ताडपत्री घालायची नाही. सगळे हेच करतात. ताडपत्रीखाली वाफ कोंडते, वाऱ्यानं ती घासते आणि रंगावर पांढुरके चट्टे पडतात. त्यापेक्षा चारी बाजूंनी उघडी पत्र्याची शेड, उंच, पश्चिमेच्या बाजूनं झड येऊ नये म्हणून एक आडोसा. माडाखाली नाही, फणसाखाली नाही. आंब्याखालीही नको, चीक पडतो, तुडतुड्यांमुळे पानांवरून चिकट पाक गळतो आणि तो उन्हात रंगावर भाजून बसतो. पक्ष्यांची आणि वटवाघळांची घाण दिसली की त्याच दिवशी भिजवून काढ, वाळल्यावर खरवडू नकोस.

पिवळ्याचं ऊन. पिवळा, केशरी, लाल हे गाडीचे रंग बऱ्याचदा सेंद्रिय रंगद्रव्यांचे असतात आणि अतिनील किरणांनी ती हळूहळू तुटतात. वर्गात सांगायला छान आहे हे, आपल्या जांभ्याचा लाल लोखंडाच्या ऑक्साइडचा, तो शतकानुशतकं उन्हात तसाच, आणि शोरूमचा लाल काही वर्षांत गुलाबी. तुझ्या गाडीवर वरचा क्लिअर कोट शाबूत आहे तोवर काळजी नाही. बॉनेट आणि बंपरला पारदर्शक पीपीएफ, म्हणजे रंग वाचवणारी फिल्म, लावून घे, राखाडी रॅपच्या पैशात ते होऊन वर उरतील. शेड होईपर्यंत गाडी रोज एकाच तोंडानं लावू नकोस, एक बाजू फिकी पडते.

उभी ठेवताना हँडब्रेक ओढून ठेवू नकोस, ओल्या हवेत पॅड डिस्कला चिकटतात. सपाट जागा, गिअर पार्कमध्ये, चाकाला लाकडाचा ओंडका. पहिल्यांदा काढशील तेव्हा ब्रेकमधून खरखर येईल, तो डिस्कवरचा वरवरचा गंज आहे, दोन-चार वेळा हलके ब्रेक मारले की जातो, घाबरू नकोस. टाकीत पेट्रोल महिनोन्महिने पडू देऊ नकोस, पंपावर आता 20 टक्के इथेनॉलवालं मिळतं आणि इथेनॉल हवेतली ओल ओढतं. या गाडीला किती टक्क्यांचं चालतं ते मॅन्युअलमधून नवऱ्याला बघायला सांग, त्यालाही काहीतरी काम असू दे. आत सीटवर बुरशी येईल, ती येतेच, आठवड्यातून एकदा एसी लावून थोडा वेळ चालू ठेव. आणि बॉनेट उघडून बघत जा, पावसात उंदरांना ऊबदार इंजिन फार आवडतं आणि वायरिंग त्याहून जास्त.

रस्त्यावर. गाडीचं पोट जमिनीपासून 137 मिलिमीटर. स्पीडब्रेकर नियमानं 10 सेंटिमीटरचा असतो, म्हणजे कागदावर तू सगळीकडून सुटतेस, पण आपले स्पीडब्रेकर कागदावर कुठं असतात. तिरकी घालायची, एकेक चाक चढवत. धोपाव्याहून दाभोळला फेरीनं जायचं असेल तर ओहोटीला रॅम्पचा उतार जास्त असतो, नाक घासतं, तेव्हा भरतीची वेळ बघून जा आणि आधी जेट्टीवरच्या पोरांना विचार, त्यांना अंदाज असतो. पावसात ड्राइव्ह मोड "स्नो-वेट"वर ठेव, ताकद मागच्या चाकांना जाते आणि शेवाळलेल्या रस्त्यावर जरा जास्त अॅक्सिलरेटर दिला तरी गाडी फिरते. साचलेल्या पाण्यात घालायची नाहीच. 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळुणात काय झालं ते तुला मी सांगायला नको. पाणी शिरलंय अशी शंका जरी आली तर सेल्फ मारायचा नाही, टोइंग बोलवायचं. इन्शुरन्समध्ये "इंजिन प्रोटेक्ट" अॅड-ऑन आहे का ते आत्ताच बघ, साध्या पॉलिसीत पाण्यानं इंजिन जॅम झालेलं सहसा धरत नाहीत.

हे सगळं वाचून दमली असशील तर एक सोपा मार्ग आहे, गाडीलाच माहेरपणाला पाठव. मेच्या शेवटी, कुंभार्ली घाट सुका असताना, कराडला भावाकडे बंद गॅरेज असेल तर तिथं नेऊन ठेव. खारी हवा नाही, पाऊस आपल्या मानानं किरकोळ, वाडीत चर्चा नाही. नवरा यायच्या आधी भाऊ किंवा तू खाली आणू शकता. तोटा एवढाच की तीन महिने रविवार मोकळे जातील. मला विचारशील तर जून निम्मा होईपर्यंत इथंच चालव, जुलै-ऑगस्ट कराडला ठेव. पण त्या रविवारांची किंमत किती ते तुलाच ठाऊक.

क्रम असा लाव. नवऱ्याला बाइकवाल्यांचं सांगणं आजच, आणि पोलीस पाटलांकडे जाणं या आठवड्यात. डॅशकॅम लगेच. इन्शुरन्सचा कागद बघणं आणि शेडचं किंवा कराडचं नक्की करणं मे संपायच्या आत. वाटणीचं बोलणं तो बंदराला लागेल तेव्हा, नेट बरं असतं. रॅपवाल्याला ॲडव्हान्स दिला असशील तर आजच फोन करून परत माग.